सूर्यग्रहण एक्स-रे फिल्ममधून पाहिलं तर चालतं का?

नाही. काळी दिसणारी फिल्म झगमगाट कमी करते, पण अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण आत येऊ देते. डोळ्याला त्रास जाणवत नाही म्हणून माणूस जास्त वेळ बघतो, आणि तिथेच घात होतो. दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याला, वेदना कळत नाही. मधोमध काळा डाग दिसायला लागतो तो काही तासांनी. साधा गॉगल, काजळी धरलेली काच, सीडी, परातीतलं पाणी, सगळं याच रांगेतलं.

ग्रहण बघायचा चष्मा घ्यायचा तर त्यावर आयएसओ १२३१२-२ (अशा चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) लिहिलेलं हवं. तेवढ्यावरही विसंबू नका, शिक्का कुणीही छापतो. घरात लावून बघा: ट्यूबलाइट दिसली तर चष्मा बाद. चरा, भोक, सुरकुती असेल तरी बाद. वेल्डिंगची काच १४ नंबरची चालते (नंबर जितका मोठा तितकी काच गडद). दुकानात सहज मिळते ती बहुधा १०-११ ची, ती नको. चष्मा आधी लावा, मग मान वर करा. काढताना आधी मान खाली.

हा चष्मा लावून दुर्बिणीतून मात्र कधीच पाहू नका. एकवटलेला प्रकाश फिल्म क्षणात जाळतो. दुर्बिणीला प्रकाशाची गाळणी (सोलर फिल्टर) पुढच्या भिंगावरच हवी.

लहान मुलं असतील तर पुठ्ठ्याला टाचणीचं भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा आणि १ मीटरवर पांढरा कागद धरा. सुमारे ९ मिलिमीटरची सूर्यकोर उमटते. पिठाची नाही, पोह्यांची चाळणी धरलीत तर अशा शेकडो कोरी! २ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रात खंडग्रास आहे, ढगांनी परवानगी दिली तर.