फायबर उतारात पुरायच्या आधी

अरे भिया, उतार सरकतोय का हे बघायला ऑप्टिकल फायबर पुरणार असशील तर इंटरोगेटर (फायबरमध्ये प्रकाश सोडून ताण वाचणारं यंत्र) कुठला घ्यायचा हे नंतर, आधी केबल बघ. टेलिकॉमवाली लूज ट्यूब केबल (आत नळीत फायबर मोकळी असते ती) उतारात पुरलीस तर माती सरकेल आणि आतली फायबर मजेत बसून राहील, स्ट्रेन म्हणजे ताण काही दिसायचा नाही. टाइट बफर केबल (आवरण फायबरला घट्ट धरून असतं ती) घे, दर मीटर-दोन मीटरवर अँकर लाव, आणि खड्डा त्याच मातीने नीट ठोकून भर, वाळू टाकून मोकळं होऊ नकोस (मजूर टाकतातच, उभं राहून बघ).

दुसरं म्हणजे टेम्परेचर. ब्रिलुआं पद्धतीत (अख्ख्या फायबरभर ताण मोजणारी) 1 अंश फरक म्हणजे साधारण 20 मायक्रोस्ट्रेनचा (लांबीत दहा लाखात 20 भाग) खोटा आकडा, एफबीजीत (फायबरमध्ये ठरावीक जागी कोरलेले सेन्सर) 8 च्या आसपास, म्हणून शेजारी एक लूज ट्यूब टाकायचीच, ती फक्त तापमानासाठी.

आणि आपल्या इंदूरकडची काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, उतार जागचा हलला नाही तरी ग्राफ नाचतो, मी पहिल्या पावसाळ्यात उगाच सगळ्यांना पळवलं होतं! एक अख्खं वर्ष बेसलाइन (नेहमीचे आकडे) घे, मगच अलार्मचा आकडा ठरव. फायबर ताण सांगते, किती सरकलं ते नाही, त्यासाठी एखादं इनक्लिनोमीटरचं (जमिनीतली नळी किती कलली ते मोजणारं यंत्र) बोअर ठेवच.