घडी, गोंद आणि टपाल : शुभेच्छापत्रांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या इमारतीतील मुलांकडून यंदा दिवाळीची शुभेच्छापत्रे करून घ्यायची म्हणून रविवार कारंज्यावरून जाड रंगीत कार्डशीट आणले. घडी घालताच कडेवरचा रंग उकलतो आणि आतला पांढरा कागद दिसू लागतो, पत्र नीट मिटत नाही, आणि वर चित्र चिकटवले की सगळेच वाकते. मुलांचा हात चुकतो आहे का?
— एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मुलांच्या हाताला दोष देऊ नये, कारण आपल्या तिन्ही तक्रारींचे मूळ कागदातच आहे. यंत्रावर कागद तयार होताना त्यातील बहुतेक तंतू तो ज्या दिशेने पुढे सरकतो त्याच दिशेला पसरतात, त्यामुळे कापडाला जसा उभा-आडवा धागा असतो तसा कागदालाही कल असतो. तंतूंना समांतर घातलेली घडी स्वच्छ बसते. तंतू आडवे मोडून घातलेली घडी खरखरीत दिसते आणि पुन्हा उघडू पाहते. हा कल ओळखण्यासाठी कागद न मोडता आधी लांबीत आणि मग रुंदीत हलकेच वाकवावा, आणि ज्या वेळी तो कमी विरोध करील त्या वाकेला समांतर तंतू आहेत असे समजावे. शंका उरलीच तर त्याच कागदाचा लहानसा चौकोन कापून एका बाजूने ओला करावा. तो नळीसारखा वळू लागतो आणि त्या नळीची लांबी हीच तंतूंची दिशा असते.

कल जुळला तरी जाड कागद थेट दुमडू नये. पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनाने आधी खाच पाडावी आणि घडी अशी घालावी की खाच बाहेर राहील व तिच्या मागचा उंचवटा आत जाईल. बहुतेक जण नेमके उलटे करतात, कारण खाचेच्या दिशेने दुमडणे हाताला सोपे वाटते. रंग उकलण्याचा प्रश्न मात्र खरेदीच्या वेळीच सोडवावा लागतो : आपण आणलेल्या कागदाला फक्त वरून रंग दिलेला आहे. दुकानदाराकडून एखादा तुकडा मागून फाडून पाहावा. फाटलेली कडाही रंगीत दिसली तर कागद आरपार रंगीत आहे.

वाकण्याचे कारण गोंदातील पाणी. पाण्याने तंतू फुगतात आणि कागद मुख्यतः त्यांच्या आडव्या दिशेने वाढतो, म्हणून वरचा व खालचा असे दोन्ही कागद एकाच कलाने ठेवावेत, गोंद अगदी पातळ लावावा आणि पत्र वाळेपर्यंत जड पुस्तकांखाली दाबून ठेवावे. घरची मैद्याची खळ वापरण्यास हरकत नाही, परंतु कीड लागू नये म्हणून जुनी माणसे तीत मोरचूद घालीत, ते विषारी असल्याने मुलांच्या कामात कटाक्षाने टाळावे.

प्रश्न : मी दरवर्षी नातेवाइकांना हाताने केलेली पत्रे टपालाने पाठवतो. गेल्या वर्षी तिकीट कमी पडल्याने एका भाच्याला वाढीव पैसे भरावे लागले, आणि क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या बारीक पट्ट्या गुंडाळून केलेली, फुलेही चपटी होऊन पोहोचली.
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिकरोड

उत्तर : टपाल तिकिटे जिथे छापली जातात त्या नाशिकरोडवरूनच तिकीट कमी पडल्याची तक्रार यावी, याची गंमत वाटली. साध्या पत्राच्या दराचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. कागदाचे ‘जीएसएम’ म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, आणि ए-फोर कागद हा चौरस मीटरचा सोळावा भाग असतो. म्हणजे २५० जीएसएमचा अखंड ए-फोर दुमडून केलेल्या पत्राचेच वजन साडेपंधरा ग्रॅमच्या वर जाते आणि त्याला लागणारे मोठे पाकीट धरले की २० ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडली जाते. त्याऐवजी अर्धा ए-फोर दुमडावा. ते पत्र आठ ग्रॅमच्या आतच राहते, त्यामुळे पाकीट आणि सजावट यांना पुरेशी जागा उरते. फुलांविषयी सांगायचे तर उंच क्विलिंग हातोहात द्यायच्या पत्रांसाठी राखून ठेवावे आणि टपालाच्या पत्रावर सपाट कातरकाम करावे. माझ्या मते ते दिसतेही अधिक देखणे.

प्रश्न : संक्रांतीनंतर पतंगी कागद बराच उरतो. त्यातून उघडताच पतंग उभा राहील असे पत्र करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, येवला

उत्तर : येवल्यात पतंगी कागद उरला नाही तर कुठे उरणार! तो पातळ असल्याने एकटा उभा राहत नाही, म्हणून पतंगाचा आकार आधी कार्डशीटचा कापून त्यावर हा कागद चढवावा. मग घडीवर दोन समांतर चिरा द्याव्यात, प्रत्येक चीर घडीच्या दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटर जाईल अशी, आणि मधली पट्टी आत ढकलून तिच्या दर्शनी बाजूवर पतंग चिकटवावा. चिरेची घडीच्या एका बाजूची लांबी आणि खालच्या पानापासून पतंगाच्या टोकापर्यंतची उंची यांची बेरीज घडीपासून कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा कमी हवी, नाहीतर मिटलेल्या पत्रातून टोक बाहेर डोकावते. हे अंतर १०५ मिलिमीटर असेल तर उंची ७० मिलिमीटरपर्यंत ठेवणे बरे. ओल्या गोंदाने पतंगी कागदाचा रंग सुटतो, म्हणून ग्लूस्टिकच वापरावी, आणि मांजा दाखवायचाच असेल तर तो पेन्सिलीने काढावा.