'कोडिंग कन्व्हेन्शन्स': नियम, संकेत की शिरस्ता?

बडोद्याहून विचारणा आली आहे. चारपाच जण मिळून पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक सामायिक प्रकल्प लिहीत आहेत आणि कोड कसा लिहायचा याचं एक पान मराठीत करायचं आहे. 'कन्व्हेन्शन्स'ना 'नियम' म्हणावं, 'संकेत' म्हणावं की 'शिरस्ता'? गटात गुजरातीभाषकही आहेत.

तिन्ही शब्द चालतील, पण एकाच गोष्टीला नव्हे. सोबतची क्रियापदं पाहा. नियम आपण करतो, लावतो. मोडला तर कोणीतरी अडवतं. संकेत ठरतो, रुळतो. पाळला नाही तर खटकतं, पण काम अडत नाही. शिरस्ता बसून ठरवावा लागत नाही, तो आपोआप पडून जातो. (कचेरीतला 'शिरस्तेदार' याच घराण्यातला.) म्हणून प्रत्येक कलमापाशी एकच प्रश्न विचारा: हे पाळलं की नाही हे कोण बघणार? यंत्र बघणार असेल तर नियम, रिव्ह्यू करणारा माणूस बघणार असेल तर संकेत.

इंडेंट (ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा), ओळीची लांबी, ओळ संपल्याचं चिन्ह हे सगळं नियमांत घाला. यात स्वयंसिद्ध बरोबर असं काही नसतं: पायथनची २००१ पासूनची शैलीपुस्तिका 'पेप ८' चार स्पेस आणि ७९ अक्षरं सांगते, 'ब्लॅक' हा फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारा प्रोग्रॅम) ८८ अक्षरं धरतो, लिनक्स कर्नलमध्ये आठ रुंदीचा टॅब असतो. एक निवडा आणि वाद मिटवा. मात्र अशा गोष्टींना 'संकेत' म्हटलंत की त्या ऐच्छिक वाटू लागतात. मग कोणाच्या तरी एडिटरमधून विंडोजची ओळसमाप्ती शिरते आणि एकच शब्द बदललेला असताना गिटला (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या प्रणालीला) सबंध फाइल बदललेली दिसते. रिव्ह्यू करणाऱ्याने त्यात खरा बदल शोधायचा कसा? टॅब आणि स्पेस यांची विसंगत सरमिसळ झाली तर पायथन ३ प्रोग्रॅम चालवायलाच नकार देतो.

तेव्हा एडिटरकॉन्फिगची (सगळ्यांच्या एडिटरना एकच मांडणी सांगणारी) फाइल ठेवा आणि फॉरमॅटरची तपासणी मर्जच्या, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याच्या, आधी लावा. जुना कोड एकाच स्वतंत्र कमिटमध्ये (गिटमधल्या बदलांच्या एका नोंदीत) सरळ करून घ्या, त्यात दुसरा कोणताही बदल नको. गिट २.२३ पासून 'ब्लेम'ला (कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेला) काही कमिट वगळायला सांगता येतात. या कमिटचा क्रमांक वगळायच्या यादीत टाका, नाहीतर प्रत्येक ओळीपुढे फॉरमॅटर चालवणाऱ्याचंच नाव दिसेल.

खरी चर्चा व्हायला हवी ती संकेतांवर, विशेषतः नावांवर. व्हेरिएबलची नावं मराठी शब्द रोमनमध्ये लिहून ठेवली तर 'शेतकरी'तल्या 'त'नंतर एक जण ए लिहितो, दुसरा लिहीत नाही. 'वसुली'चा 'व' कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने. एका स्पेलिंगने शोधलं की दुसऱ्या स्पेलिंगची नावं निसटतात, आणि फॉरमॅटरला दोन्ही सारखीच शुद्ध. इथे शब्दसूचीच लागते, आणि ती माणसांनीच सांभाळायची असते.

'संकेत' शब्दाची एक अडचण खरी आहे. 'संकेतस्थळ', 'संकेतशब्द' यांमुळे संगणकाच्या संदर्भात तो आधीच गजबजला आहे, आणि गुजराती वाचकाला 'संकेत' म्हणजे आधी इशारा वाटेल. माझं मत 'लेखनसंकेत' या शब्दाला आहे. पहिल्या उल्लेखाला शेजारी 'ठरलेली पद्धत' असं लिहा, ते दोन्ही भाषकांना कळतं. सूचीतही मराठी आणि गुजराती रकाने शेजारी ठेवा. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली, बडोद्यातच निघालेल्या 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू'त कारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक भाषांतले प्रतिशब्द असेच शेजारी शेजारी दिले होते. तुमच्या गावाला ही रीत नवी नाही.

'शिरस्ता' पानाच्या शीर्षकात नको. एखादा शिरस्ता लिहून काढलात की तो संकेतच झाला.

आता वाक्यरचना. 'वापरावे' हे रूप मराठीत आज्ञाही होतं आणि सल्लाही, म्हणून नियमांत ते टाळा आणि परिणाम लिहा: 'इंडेंट चार स्पेसचा, टॅब आढळल्यास मर्ज अडेल.' संकेतात तेच रूप शोभतं: 'मराठी शब्दांचं रोमन स्पेलिंग सूचीप्रमाणे घ्यावं; शब्द सूचीत नसेल तर आधी तिथे भर घालावी.'