फळीवरचं मुख्य पुस्तक

लीड्स
श्रावणी सोमवार

प्रिय सई,

परवा वाईहून फोनवर तू विचारलंस, "आई, आजीच्या देवघराखालच्या फळीवर आठ पुस्तकं आणि एक गाठोडं आहे. यातलं आपलं मुख्य कुठलं? शाळेच्या पोस्टरवर एकच फोटो लावायचाय." मी तेव्हा बसच्या रांगेत भिजत उभी होते. "आत्ता नको गं" म्हणून फोन ठेवला. बसमध्ये बसल्यावर माझाच मला राग आला, कारण घर येईपर्यंत विचार करूनही धड उत्तर सुचेना. म्हणून हे पत्र. जिथे अडेल तिथे आजीकडून वाचून घे.

तुझी पंचाईत मला कळते. वर्गात कुणी बायबल आणणार, कुणी कुराण, कुणी गुरू ग्रंथसाहिबाचा फोटो. एक धर्म, एक पुस्तक, खाली तीन ओळी. आपल्याकडे मुळात ज्याने धर्म स्थापला असा कुणी एक माणूस नाही, आणि 'हिंदू' हे नावसुद्धा आपण ठेवलेलं नाही. सिंधू नदीपलीकडचे ते हिंदू, असं इराणकडच्या लोकांनी म्हटलं, त्यांच्या बोलीत 'स'चा 'ह' होतो म्हणून. ते नाव पुढे चिकटलं.

फळी मला पाठ आहे. डावीकडून ज्ञानेश्वरी, दासबोध, मनाच्या श्लोकांचं चिटुकलं पुस्तक, गोरखपूरची गीता, हरिविजय, शिवलीलामृत, गुरुचरित्र आणि कव्हर फाटलेला स्तोत्रसंग्रह. शिवलीलामृत आज फळीवर नसेल, चौरंगावर असेल. श्रावणातल्या सोमवारी आजी त्याचा अकरावा अध्याय वाचते, माकड आणि कोंबड्याच्या गोष्टीचा. दोन पोथ्यांच्या मधे वेखंडाचे तुकडे सापडतील. कसर लागू नये म्हणून ते आहेत, उचलून टाकू नकोस. खिळ्याला लटकवलेलं पंचांग तू मोजलं नाहीस, पण घरात सगळ्यांत जास्त उघडलं जातं ते तेच.

आता नीट बघ. या फळीवर वेद नाहीत. सगळ्यांत जुने, सगळ्यांत पवित्र म्हणतात ते वेद आपल्या घरात कधीच नव्हते. तुझ्या पणजोबांकडेही नव्हते. तुझ्या प्रश्नाची गंमत इथेच आहे. ते पुस्तक नव्हतंच. वेदांना श्रुती म्हणतात, म्हणजे ऐकलेलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी रचलेलं, आणि त्यातला बराच काळ कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.

मी तुझ्याएवढी असताना आमच्या गल्लीत एक गुरुजी दोन मुलांना वेदांची संथा द्यायचे, म्हणजे म्हणून घेऊन पाठ करवायचे. गुरुजी एकदा म्हणायचे, मुलं दोनदा. सूर खाली गेला की गुरुजी पोराचं डोकं हाताने खाली दाबायचे, वर गेला की वर उचलायचे, नळाची तोटी फिरवावी तसं. मला फार हसू यायचं. पण तो चाळा नव्हता, स्वर मानेत बसवायची ती रीत होती. शिवाय शब्द उलटसुलट म्हणायचे. समज, वाक्य आहे 'आई दूध तापवते'. जटापाठ म्हणतात त्या रीतीत ते होईल: आई दूध, दूध आई, आई दूध, दूध तापवते, तापवते दूध, दूध तापवते. घनपाठ याहून अवघड. एक अक्षर घसरलं तर लगेच पकडलं जातं. तुझा बाबा ऑफिसात डेटा तीन-तीनदा तपासतो ना, तेच, फक्त मेंदूत. वेदांतल्या एकट्या ऋग्वेदाची 10 मंडलं म्हणजे भाग, 1028 सूक्तं म्हणजे स्तोत्रं, साडेदहा हजारांच्या आसपास ऋचा म्हणजे कडवी अशा तोंडातून तोंडात गेल्या. 2003 मध्ये युनेस्कोने वेदपठणाच्या या परंपरेला मानवजातीचा वारसा म्हणून जाहीर केलं.

आणि ऋग्वेदाची पहिलीच ओळ ऐक: 'अग्निमीळे पुरोहितम्'. आला ना ळ? तोच ळ, जो तुला जमत नाही म्हणून तू गेल्या वर्षी रडलीस आणि 'शाला, शाला' करत बसलीस. नंतरच्या संस्कृतात हा ळ जवळजवळ दिसत नाही. ऋग्वेदात आहे आणि आपल्या बाळ, केळं, डोळ्यात आहे. कुणी हसलं तर त्याला हे सांग.

आत काय आहे म्हणशील, तर पुष्कळ जागी अग्नी, इंद्र, उषा, पाऊस पडू दे, गाई वाढू देत. एक सूक्त जुगाऱ्याचं आहे. फासे सुटत नाहीत, बायको दुरावली म्हणून रडतो बिचारा. माझं आवडतं मात्र सातव्या मंडलातलं बेडकांचं. वर्षभर गप्प बसलेले बेडूक पाऊस पडताच ओरडू लागतात, एकाचं ऐकून दुसरा तेच म्हणतो, गुरूचं ऐकून शिष्य म्हणतो तसं. म्हणजे संथा घेणाऱ्या पोरांकडे बघून हसणारी मी पहिली नव्हे. आजीच्या मागच्या परसात रात्री ऐक. आणि दहाव्या मंडलात एक सूक्त आहे, सात ऋचांचं, हे जग कुठून आलं असं विचारणारं. शेवटी म्हणतं, जो वरून हे सगळं बघतो त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. धर्मग्रंथात असं वाक्य असू शकतं, हे मला कॉलेजात कळलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं होतं.

वेदांच्या शेवटच्या भागात उपनिषदं येतात. तिथे थेट तुझ्यासारखी मुलं आणि माझ्यासारखे वैतागलेले आईबाप भेटतात. बाप सगळं दान करत असताना नचिकेता त्याला विचारतो, "मला कुणाला देणार?" दोनदा, तीनदा. बाप चिडून म्हणतो, "मृत्यूला!" मी तर नुसतं 'आत्ता नको' म्हटलं होतं.

श्वेतकेतूचं घर जरा बरं. बारा वर्षांचा असताना शिकायला गेला, चोविसाव्या वर्षी परत आला, नाक वर करून. बाप उद्दालक म्हणाला, एवढं शिकलास, पण जे कळलं की न ऐकलेलंही ऐकल्यासारखं होतं, ते विचारलंस का? नव्हतं विचारलं. मग बाप त्याला पाण्यात मीठ टाकायला सांगतो. सकाळी म्हणतो, ते मीठ आण बघू. मीठ दिसत नाही. वरचं पाणी चाख. खारट. मधलं चाख. खारट. तळाचं? खारट. आहे, पण दिसत नाही. तसंच ते सत्, म्हणजे जे खरोखर आहे ते, सगळीकडे आहे, आणि ते तू आहेस. हे आजीच्या तांब्यात करून बघ, रात्री मीठ टाक, सकाळी चाख. या गोष्टीत मला आवडतो तो मुलगा. बापाने कितीही समजावलं तरी प्रत्येक वेळी म्हणतो, अजून सांगा. आणि बाप प्रत्येक वेळी म्हणतो, बरं बाळा.

गार्गी तर भर सभेत याज्ञवल्क्य ऋषींना विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, मग पाणी कशात ओतप्रोत? ओत आणि प्रोत म्हणजे कापडाचे आडवे-उभे धागे. आपण 'प्रेमाने ओतप्रोत' म्हणतो, तो शब्द हाच. विचारत विचारत ती इतकी वर जाते की याज्ञवल्क्य म्हणतो, गार्गी, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसते. आणि थोड्या वेळाने पुन्हा उठते, अजून दोन प्रश्न घेऊन.

आता जे सांगते ते पोस्टरवर सहसा नसतं. जिथे गार्गी बोलली, त्याच परंपरेत पुढे बायकांना वेद म्हणायची बंदी झाली. शूद्रांना ऐकायचीही. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात ज्ञानदेव हे उघड म्हणतात: वेद संपन्न खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, तीनच वर्णांच्या कानाला लागला, ते उणं भरून काढायला तो गीता होऊन परत आला. गीता म्हणजे महाभारताच्या भीष्मपर्वातले 18 अध्याय, 700 श्लोक. तिथेही रथात बसलेला अर्जुन विचारतोय आणि कृष्ण सांगतोय. ज्ञानदेवांनी 1290 मध्ये ती मराठीत नऊ हजारांच्या आसपास ओव्यांत सांगितली, नेवाशाला. तुकोबा त्याहून फटकळ: 'वेदाचा तो अर्थ आम्हांसी च ठावा । येरांनी वाहावा भार माथा'.

आणि तुला शेजारच्या साताऱ्याचं माहीत हवं. 7 नोव्हेंबर 1900 ला भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा तिथल्या शाळेत दाखल झाला. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्याच बाबासाहेबांच्या पुढाकाराने 25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली गेली. मनुस्मृती वेद नव्हे. ती स्मृती, माणसांनी आठवून बांधलेले नियम. पण त्या नियमांखाली कोण भरडलं गेलं ते खरंच आहे. 'आमची पुस्तकं फार थोर' एवढंच लिहून गप्प बसलीस तर अर्धं लिहिलंस असं मी म्हणेन.

वाईतसुद्धा यावर भांडणं झालीत, चांगल्या अर्थाने. प्रज्ञापाठशाळेत नारायणशास्त्री मराठे शिकवायचे. 1917 च्या सुमारास विनोबा तिथे उपनिषदं शिकायला आले होते. तिथलेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, ज्यांनी अस्पृश्यता शास्त्राला धरून नाही हे शास्त्रातूनच मांडलं. पुढे मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी वाईत बसून केलं. मामाला सांग, तुला ती इमारत दाखवायला.

आपल्या फळीवरच्या गुरुचरित्राचंच घे. आजोबा सोवळ्यात सप्ताह करायचे आणि आजी स्वयंपाकघराच्या दाराआड बसून ऐकायची, हातात निवडायचे तांदूळ. बायकांनी ते वाचू नये असा रिवाज. मी एकदा विचारलं, "तुला वाचावंसं वाटत नाही?" ती म्हणाली, "पाठ आहे की मला." आजोबा गेल्यावर तिने ती पोथी हलवली नाही, उघडलीही नाही. दर गुरुवारी फूल वाहते. मला अजून कळत नाही, यावर चिडावं की नाही.

आणि पोथ्या म्हणजेच धर्म असंही समजू नकोस. मांढरदेवीला काळूबाईला जाणाऱ्या बायका, पालीला खंडोबावर भंडारा उधळणारे लोक, यांना कुणी 'तुमचं पुस्तक कुठलं' म्हटलं तर ते हसतील. त्यांचं गोंधळात आणि जागरणात आहे, संबळाच्या ठोक्यावर.

तरी फोटो एकच हवा, तर माझं मत सांगते. गणपती घाटावर जाऊन ढोल्या गणपतीचा काढू नकोस. देऊळ सुंदर आहे, मागची भिंत माशासारखी निमुळती, पूर दोन्हीकडे फाकावा म्हणून. पण ते पोस्टर सगळेच करतील. तू दासबोध काढ, पहिलं पान उघड. समर्थांनी वीस दशकं, दोनशे समास लिहिले, आणि सुरुवात कशी केली बघ: 'श्रोते पुसती कोण ग्रंथ । काय बोलिलें जी येथ ।' ऐकणारे विचारतात, हा कुठला ग्रंथ? यात सांगितलंय काय? शब्दाला शब्द तुझाच प्रश्न, साडेतीनशे वर्षांपूर्वी. त्या पानाचा फोटो लाव. खालच्या तीन ओळी तुझ्या तू लिही, मला आधी दाखवायची गरज नाही. आणि फोटो काढताना पोथी जमिनीवर ठेवू नकोस, पाटावर ठेव, नाहीतर आजी तुला आणि मला दोघींनाही बोलेल.

राहिलं ते गाठोडं. लाल फडक्यात बांधलेलं, उजव्या टोकाला. त्यात काय आहे ते मला आजपर्यंत माहीत नाही. लहानपणी एकदा हात लावला तर आजीने नुसतं बघितलं आणि मी हात मागे घेतला. पुन्हा विचारलं नाही. तू विचार. जेवणं झाल्यावर, ती सुपारी कातरत बसली की. ओरडली तर सांग, आईने विचारायला सांगितलंय.

तुझी,
आई