जुन्या बुलेटला लेग गार्ड आणि हायवे पेग: आधी गार्ड, पेगचं नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९९८ ची बुलेट स्टँडर्ड ३५०, कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायात गिअर. सांगली-पुणे केलं की गुडघे भरून येतात, म्हणून लेग गार्ड आणि त्यावर पाय लांब करून ठेवायला हायवे पेग असा सेट घ्यायचाय. दुकानदार म्हणतो अर्ध्या तासात बसवून देतो. तर बसवावा का, चासीला काही होईल का, आणि धातू कुठला घ्यावा.

गार्ड जरूर बसवा. पेगची घाई नको. गार्ड लावून महिनाभर गाडी पळू द्या, बोल्ट पुन्हा आवळा, मग पेगचं बघा.

कारण या गाडीच्या चासीला इंजिनखालून जाणारा पाइपच नाही. हँडलच्या कोनसेटपासून एक पाइप खाली उतरतो, इंजिनच्या पुढच्या प्लेटांपाशी संपतो, आणि तिथून मागे इंजिन आणि गिअरबॉक्स हेच चासीचं काम करतात. त्यामुळे बाजारात मिळणारे बहुतेक गार्ड वर त्या पाइपाला क्लॅम्पने धरतात आणि खाली इंजिनच्या पुढच्या प्लेटांच्या बोल्टातच अडकवलेले असतात. म्हणजे गार्डचा खालचा नट सैल झाला तर नुसता गार्ड वाजत नाही, इंजिनचं माउंटिंगच सैल होतं. त्यात हे इंजिन एका सिलिंडरचं, ७० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिमी स्ट्रोकचं (पिस्टनची वर-खाली धाव), म्हणजे थरथर भरपूर. जे नीट आवळलं नाही ते ही गाडी स्वतःच खोलून रस्त्यावर ठेवते.

आता खरं काम. गार्ड विकत आणायच्या आधी पुढचा पाइप आणि प्लेटा रॉकेल आणि ब्रशने धुऊन उजेडात बघा. अठ्ठावीसेक वर्षांच्या गाडीवर तेल-मातीचा थर असतो आणि तडा त्याखालीच लपतो. रंगाला केसाएवढी चीर आणि तिच्यातून झिरपलेली तांबूस रेघ दिसली, विशेषतः वेल्डिंगच्या कडेला, तर गार्ड बाजूला ठेवा आणि आधी चासी चांगल्या कारागिराला दाखवा. प्लेटांची भोकं लांबट झालीत का तेही पाहा. बोल्ट वर्षानुवर्षं सैल राहिला की भोक अंडाकृती होतं, आणि मग नट कितीही आवळा, इंजिन हलतच राहतं.

जुना बोल्ट काढायच्या आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी क्रँककेसखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक नुसता टेकवा, गाडी उचलायची नाही. बोल्ट एका वेळी एकच काढायचा. गार्डसोबत येणारा नवा बोल्ट लांब असतो, त्यानेच जुन्याला मागून ढकलत बाहेर काढा, म्हणजे भोक क्षणभरही रिकामं राहत नाही आणि इंजिन खाली बसत नाही. हे न करता सगळे बोल्ट एकदम काढले की मग गॅरेजात दोघं जण पहारी घेऊन भोकं जुळवत बसतात. नव्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ (मजबुतीचा ग्रेड) लिहिलेलं असावं. काहीच लिहिलेलं नसेल तर तो परत करा आणि त्याच जाडीचा हाय टेन्साइल बोल्ट वेगळा आणा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा) लावल्यावर दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. प्लेटांच्या मधला स्पेसर जिथल्या तिथे आहे ना, याची खात्री करा, नाहीतर आवळताना प्लेटा आत वाकतात.

सगळे नट आधी हातानेच लावा. बहुतेक वेळा गार्डचं एखादं भोक तीन-चार मिलिमीटर सरकलेलं निघतं, आणि इथेच अर्ध्या तासाचं काम अर्ध्या तासात उरकलं जातं: फिटर गार्ड पहारीने ओढतो, बोल्ट घालतो, आवळतो, झालं! असा ताण देऊन बसवलेला गार्ड थरथरीने काही महिन्यांत पत्तीच्या वेल्डिंगपाशी तडकतो. फट असेल तर वायसर भरा. भोक सरकलं असेल तर गार्डच्या पत्तीचं भोक गोल कानशीने वाढवा. इंजिनच्या प्लेटला कानस लावू देऊ नका, आणि चासीच्या पाइपाला वेल्डिंग तर अजिबात नाही. आधी खालचे नट आवळायचे, शेवटी वरचा क्लॅम्प. वरच्या क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायची पद्धत आहे. रंग वाचतो खरा, पण रबर दबून क्लॅम्प सैल होतो आणि ते रबर पावसाचं पाणी धरून ठेवतं. त्यापेक्षा क्लॅम्पच्या जागी ग्रीसचा पातळ हात द्या.

मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. गाडी स्टँडवरून काढून पुढचा ब्रेक दाबून शॉकअप जोरात खाली दाबा, मडगार्ड गार्डला लागतं का ते कळेल. सायलेन्सरच्या पुढच्या पाइपापासून किमान बोटभर जागा हवी. ऑइलचा ड्रेन नट गार्ड न काढता उघडता आला पाहिजे. शेवटी प्रत्येक नटावरून खालच्या पत्तीपर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. पाना घेऊन बसायची गरज नाही, रोज गाडी पुसताना नजर टाकली की झालं.

गार्डकडून अपेक्षाही माफक ठेवा. उभी गाडी कलंडली किंवा चिखलात हळू घसरली तर टाकी, हँडलचे लिव्हर आणि तुमची नडगी वाचते. समोरून धडक बसली तर गार्ड काही करत नाही. त्यामुळे जाडजूड, 'बंपर' म्हणून विकतात तसला घेऊ नका. गार्ड वाकला तर नवा मिळतो, पण गार्ड न वाकता सगळा दणका पाइपाला गेला तर चासी जाते. रुंदी हँडलच्या आतच असू द्या. दारात गाडी काढता-घालताना मला दुवा द्याल.

आता गुडघे. मला तर दुखणं सीटचं वाटतंय. जुन्या सीटचा फोम बसला की तुम्ही दोन-अडीच इंच खाली जाता, फूटरेस्ट मात्र जागेवरच, म्हणून गुडघा जास्त दुमडतो. आधी सीट नव्याने भरून घ्या. पेगपेक्षा स्वस्त पडेल, आणि कदाचित पेग लागणारही नाहीत.

तरी हवेच असतील तर एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तुमच्या गाडीला मागचा ब्रेक डाव्या पायात आहे आणि पुढचा ड्रम आहे, म्हणजे मागच्या ब्रेकवर तुमची भिस्त डिस्कवाल्यापेक्षा जास्त. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पाय पेगवरून उचलून ब्रेकवर यायला एक सेकंद गेला तर तेवढं अंतर ब्रेकशिवाय. कराड ते सातारा मोकळ्या रस्त्यावर, पुढे गाडी नसताना, पाच-दहा मिनिटं पाय ताणायला पेग उत्तम. गावात, गर्दीत, आंबा घाटात किंवा ताम्हिणीत पाय फूटरेस्टवरच. घरात दुसरी डाव्या गिअरची गाडी असेल तर आणखी सांभाळा, कारण घाईत पाय सवयीच्या जागी जातो.

पेग घडीचेच घ्या, आणि घडी मागे-वर होईल असे बसवा. न वाकणारा पेग वळणावर टेकला तर गाडी उचलतो. क्लॅम्प नेमका गार्डच्या पाइपाच्या मापाचा हवा. पाइप व्हर्नियरने मोजा, बाजारात २२, २५ आणि ३२ मिमी सर्रास मिळतात, आणि 'थोडं सैल आहे, रबर घालू' हे ऐकून घेऊ नका. फरक असेल तर लेथवाल्याकडून पातळ पाइपाची चिरलेली बुशिंग करून घ्या. गार्डला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून पेग लावणं नको, पाइप नेमका तिथेच तुटतो. जागा ठरवायला सीटवर बसा, दुसऱ्याला गाडी धरायला सांगा, पाय सैल सोडून गुडघा किंचित वाकलेला राहील तिथे खडूने खूण करा. पाय पूर्ण ताठ झाला तर मांडीमागे कळ येते आणि धक्का थेट कमरेत जातो. उजवीकडे पोटरी सायलेन्सरच्या पाइपाजवळ येत नाही ना, हेही तेव्हाच बघून घ्या. आवळून झाल्यावर बाजूला उभे राहून पेगवर एका पायाने पूर्ण वजन टाका. फिरला, तर रस्त्यावरही फिरणार.

कायद्याचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मनाई आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना क्रॅश गार्डवर कारवाईचं पत्र पाठवलं होतं. तो रोख चारचाकींच्या बुल बारवर (पुढे लावायच्या लोखंडी गार्डवर) होता, पण अवाढव्य गार्ड लावून पोलिसाशी वाद घालायची वेळ कशाला आणायची.

राहिला धातू. नाना पेठेत काय किंवा तुमच्याकडे काय, दुकानदार चुंबक लावून दाखवेल, चिकटत नाही म्हणजे ३०४ (चांगल्या ग्रेडचं स्टेनलेस) स्टील, असं म्हणेल. पण चुंबक २०२ या हलक्या ग्रेडलाही चिकटत नाही, आणि २०२ गंज धरतं. बिलावर ग्रेड लिहून मागा. लिहून देत नसेल तर साधा लोखंडी, पावडर कोटिंगचा घ्या, सांगलीच्या हवेत चालतो, ओरखडा पडला की रंगाचा टिपका द्यायचा. दर महिन्याला कोकणात उतरत असाल तरच ३०४ चे पैसे घाला. क्रोम मी घेणार नाही, पापुद्रा सुटला की आतून गंजतो आणि बाहेरून दिसत नाही. आणि लोखंडी घेतलात तर पाइपाच्या तळाला पाणी निचरायला बारीक भोक आहे का ते दुकानातच उलटा करून बघा.