किडनीच्या जुनाट आजाराचा पोटाशी खरंच संबंध असतो का?

हो, आणि तो दोन्ही बाजूंनी चालतो. किडनी मंदावली की रक्तातला जादा युरिया आतड्यात झिरपतो, तिथले जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि आतड्याचं अस्तर कमकुवत होतं. दुसरीकडे, आतड्यातले जिवाणू प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून इंडोल बनवतात आणि यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट हे किडनीला अपायकारक द्रव्य करतं. एरवी ते लघवीवाटे जातं. किडनी थकली की साचतं, आणि रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहत असल्यामुळे डायलिसिसमध्येही नीट निघत नाही.

पोट साफ होत नसलं की जिवाणूंना अशी द्रव्यं बनवायला जास्त वेळ मिळतो, म्हणून बद्धकोष्ठता अंगावर काढू नका. तंतुमय पदार्थ चांगले, पण त्यांतल्या अनेकांत पोटॅशियमही असतं, म्हणून पोटॅशियमचा रिपोर्ट आहारतज्ज्ञांना दाखवूनच वाढवा. मॅग्नेशियम असलेलं रेचक मात्र स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नका. प्रोबायोटिकने, म्हणजे पोटासाठी घेतल्या जाणाऱ्या उपयुक्त जिवाणूंनी, किडनी सुधारते हे अजून सिद्ध झालेलं नाही.