चुंबक ओढतो की वळवतो?

कोल्हापूरहून प्रश्न आलाय: हृदयात चुंबकाने कॅथेटर (शिरेतून घालायची बारीक नळी) खेचत नेतात, त्याला 'चुंबकीय आकर्षण शस्त्रक्रिया' म्हणावं का?

नका म्हणू. 'खेचत नेतात' हे सारखं कानावर पडतं आणि ते मुळातच चूक आहे. हे काम करणाऱ्या 'नायोबी' नावाच्या यंत्रात रुग्णाच्या दोन बाजूंना दोन मोठे कायमचुंबक असतात. हृदयापाशी त्यांचं क्षेत्र सुमारे ०.०८ ते ०.१ टेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक), जवळपास एकसारखं. एकसारखं क्षेत्र ओढत नाही, फिरवतं. कॅथेटरच्या टोकातले बारके चुंबक त्या क्षेत्राच्या दिशेला तोंड करतात, पुढे सरकवायला मागून मोटर लागते. बैलाचा कासराच हा: तोंड वळवायचं काम त्याचं, चालायचं बैलाचं. म्हणून मागून फाजील लांबी रेटली, की टोक जागचं हलत नाही आणि मऊ नळी आतच वेटोळं घालते. ओढणारा चुंबक बघायचाय तर शिरोलीच्या फौंड्रीत बघा, वापरलेल्या वाळूतून लोखंडाचे तुकडे वेचणारा.

हा भेद आपल्या रसशास्त्राने, म्हणजे धातू-पाऱ्याच्या औषधांच्या जुन्या शास्त्राने, शब्दांतच करून ठेवलाय! कांतलोहाचे, म्हणजे चुंबकी लोखंडाचे, पाच प्रकार: भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक, रोमकांत. भ्रामक लोखंडाला फिरवतो, कर्षक ओढतो आणि चुंबक चिकटतो, कारण 'चुम्ब्' म्हणजे मुका घेणं. कॅथेटर वळवणारं क्षेत्र म्हणजे नेमका भ्रामक. 'भ्रम्' धातूतूनच आपला भोवरा आणि भोवळ. मराठीने 'भ्रामक' फसव्या अर्थाला देऊन टाकला आणि पाचांतलं एकच नाव सगळ्यांना चिकटवलं, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे.

चुंबकाला 'अयस्कांत' हाच काय तो शुद्ध शब्द, असं बजावणारे कोशप्रेमी मला पटत नाहीत. 'लोखंडाला प्रिय' यात काम कुठे कळतं? सुश्रुताने मात्र तो शब्द तोलून वापरलाय. त्याच्या संहितेतल्या सूत्रस्थानाच्या २७व्या अध्यायात शल्य (शरीरात घुसलेली बाहेरची वस्तू) काढायच्या पंधरा उपायांत अयस्कांत आहे, पण अटींसह: शल्य सुलट हवं, रुतलेलं नको, त्याला काटे नकोत, जखमेचं तोंड मोठं हवं. ओढ किती तोकडी, हे त्याने ओळखलं होतं. दोन छोट्या चुंबकांमधलं अंतर दुप्पट झालं की क्षेत्र आठव्या हिश्शावर येतं, ओढ सोळाव्या. गिळायची कॅमेरा-कॅप्सूल जठरात बाहेरच्या चुंबकाने ओढून हलवतात, तिथे पोटाची जाडी म्हणूनच आड येते.

तर कॅथेटर 'चुंबकाने वळवतात' म्हणा. कॅप्सूलला 'ओढतात'ही चालेल.